‘आमच्या टॅक्सच्या पैशावर’ कोण जगतंय?

महाराष्ट्रात नोकरी करणाऱ्या कुणाचीही पगाराची स्लिप बघा. कपातीच्या रकान्यात पीएफ असतो, लागू असेल तर टीडीएस असतो आणि त्याखाली एक किरकोळ ओळ असते : ‘पी. टी. २००’. फेब्रुवारीत तीच ३०० होते, म्हणजे वर्षाचे बरोबर २५०० भरतात. हा प्रोफेशनल टॅक्स, म्हणजे व्यवसाय कर, महापालिकेचा काहीतरी असावा अशी अनेकांची समजूत असते. माझ्याकडे रिटर्न भरायला येणारी चांगली शिकलेली माणसंही त्या ओळीवरून नजर पुढे नेतात. रक्कमच एवढी लहान की तिच्याबद्दल विचारायचं तरी काय!

पण गरिबी, सरकारी मदत आणि ‘आमचा टॅक्स’ यावरून आज घरोघरी जे वाद होतात, त्यांचं मूळ समजून घ्यायला ही ओळ फार कामाची आहे. कारण हा कर गावाकडच्या भूमिहीन मजुराला काम देण्यासाठी सुरू झाला आणि तसं उघड सांगून सुरू झाला.

बहात्तरचा दुष्काळ म्हणतात तो खरं तर सलग तीन वर्षांचा होता, १९७० ते ७३. त्या काळातली माणसं अजूनही मिलो आणि सुकडी या दोन गोष्टी काढतात. मिलो म्हणजे अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी आणि सुकडी म्हणजे कामावर वाटला जाणारा गोडसर पौष्टिक भुगा. लोकांनी खडी फोडली, रस्त्यांचे भराव टाकले, तलाव खोदले. मे १९७३ मध्ये या दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. एवढ्या लोकांना काम देऊन जगवता येतं, हे सरकारला त्या वेळी कळलं.

कल्पना मात्र त्याआधीची. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या सांगण्यावरून १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात, विसापूरला, हा प्रयोग करून पाहिला होता. सूत्र साधं होतं : मागेल त्याला काम. दुष्काळ असो वा नसो, अंगमेहनत करायची तयारी असलेल्या माणसाला सरकारने काम द्यायचं. घोषणा सोपी होती, तिला लागणारा पैसा सोपा नव्हता. तेव्हा १ एप्रिल १९७५ पासून व्यवसाय कर आला. पगारदार, वकील, डॉक्टर, व्यापारी यांनी तो भरायचा आणि जेवढा जमेल तेवढीच भर राज्य सरकारने आपल्या तिजोरीतून घालायची. वाहनांवर, विक्रीकरावर, बागायती जमिनीवरही जादा आकारणी झाली. १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला आणि तो २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. काम मागून पंधरा दिवसांत मिळालं नाही तर बेकारी भत्ता द्यायचा, असं त्या कायद्यात लिहिलं होतं. भत्ता होता दिवसाला किमान एक रुपया. रक्कम हास्यास्पदच, पण मजूर सरकारला ‘तुम्ही माझं देणं लागता’ असं म्हणू शकत होता.

शहरातल्या पगारदाराने हे मान्य का केलं असेल? थोडी सहानुभूती असेल. माझ्या मते त्याहून मोठं कारण हे की, दुष्काळी भागातले लोंढे मुंबई-पुण्याच्या फुटपाथवर येऊन पडण्यापेक्षा महिन्याला चार रुपये परवडले. यात मला काही वावगं वाटत नाही. कर देणाऱ्याला त्यातून आपलंही काही भलं होतंय असं दिसलं, की कर टिकतो.

आता ‘लाभार्थी’ कोण ते बघू. रोजगार हमीवर पाझर तलाव झाले, नालाबंडिंग झालं, विहिरी झाल्या. पाझर तलावाच्या भिंतीसाठी माती डोक्यावरून वाहिली ती बहुतेक बायकांनी. या कामांवर बायका मोठ्या संख्येने होत्या, स्त्री-पुरुषांना मजुरी सारखी होती आणि लहान मुलांना सांभाळायची सोय कामावर करावी असा नियम होता. भिंत झाली, पाऊस पडला, पाणी मुरलं आणि खालच्या अंगाच्या विहिरींची पातळी वाढली. त्या विहिरी कुणाच्या? ज्यांच्याकडे जमीन होती त्यांच्या. म्हणजे कागदावर लाभार्थी माती वाहणारी बाई, आणि बांधावरचा ऊस ज्याचा वाढला त्याला कुणी लाभार्थी म्हटलं नाही. तोच बागायतदार पुढे ‘रोहयोमुळे शेतावर मजूर मिळेनात’ म्हणून तक्रार करत होता, हेही त्या काळातल्या माणसांना आठवत असेल.

योजना धुतल्या तांदळासारखी नव्हती. हजेरीपटावर खोटी नावं चढली, मेलेली माणसंही खडी फोडत राहिली. करही वाढत गेला, पण कामांवरचा खर्च त्याच्या मानाने वाढला नाही आणि फंडातली शिल्लक बरीचशी कागदावरच राहिली. शिवाय कराचा बोजा तिरपा झाला. घटनेच्या कलम २७६ प्रमाणे या कराची कमाल मर्यादा वर्षाला २५० रुपये होती, १९८८ मध्ये ती २५०० झाली आणि तिथेच आहे. आज महाराष्ट्रात दहा हजारांच्या वर पगार असलेला पुरुष पूर्ण २५०० भरतो. बायकांना २५ हजारांपर्यंत सूट आहे. महिना पंधरा हजारांवर बारा तास उभा राहणारा सोसायटीचा वॉचमन आणि त्याच सोसायटीत राहणारा कंपनीचा मॅनेजिंग डायरेक्टर, दोघांचा व्यवसाय कर सारखाच.

तरी त्या व्यवस्थेतली एक गोष्ट मला आजही महत्त्वाची वाटते. पैसा कुणाकडून घेणार हे नाव घेऊन सांगितलं होतं आणि कुणाला कोणता हक्क देणार हेही कायद्यात लिहून दिलं होतं. आजच्या वादात नेमक्या याच दोन गोष्टी अंधारात असतात.

आजचा वाद बहुतेक वेळा लाडक्या बहिणीपासून सुरू होतो. जून २०२४ च्या अर्थसंकल्पात योजना जाहीर झाली. २१ ते ६५ वयाच्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असलेल्या बाईला महिना १५०० रुपये. ऑगस्टमध्ये दोन महिन्यांचे ३००० एकदम खात्यात आले आणि बँकांबाहेर रांगा लागल्या. त्याच आठवड्यात व्हॉट्सॲपवर मेसेज फिरायला लागले : ‘आम्ही टॅक्स भरायचा आणि यांनी फुकट खायचं.’

‘आम्ही टॅक्स भरतो’ म्हणणाऱ्याच्या डोळ्यासमोर आयकर असतो. तो भरणारे खरोखरच थोडे आहेत. २०२२-२३ मध्ये देशात सुमारे ७ कोटी ४० लाख लोकांनी रिटर्न भरलं आणि त्यातल्या ५ कोटी १६ लाखांवर कर शून्य होता. राहिले सव्वादोन कोटी. १४० कोटींच्या देशात हा आकडा ऐकला की ‘दोन टक्के लोक अख्खा देश चालवतात’ हे वाक्य आपोआप तोंडात येतं. ते चुकीचं आहे.

केंद्राच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात सरकारच्या तिजोरीत येणाऱ्या एका रुपयाची फोड दिली होती. त्यात व्यक्तींच्या आयकराचे पैसे होते २२. कंपन्यांच्या कराचे १७, जीएसटी आणि तसल्या करांचे १८, उत्पादन शुल्काचे ५, सीमा शुल्काचे ४. सगळ्यात मोठा वाटा, २४ पैसे, कर्जाचा. म्हणजे आयकर भरणारा रुपयातले २२ पैसे देतो. ही रक्कम लहान नाही, पण रुपयाही नाही. आणि लाडकी बहीण ही राज्याची योजना. राज्य आयकर लावत नाही. महाराष्ट्राच्या तिजोरीत स्वतःचे म्हणून येतात ते राज्याचा जीएसटी, पेट्रोल-डिझेलवरचा व्हॅट, घर-जमिनीच्या व्यवहारांची मुद्रांक शुल्कं, दारूवरचं उत्पादन शुल्क, गाड्यांवरचा कर. आयकर येतो तो केंद्राकडून मिळणाऱ्या वाट्यातून, वळसा घालून. यातले बहुतेक कर भरायला रिटर्न लागत नाही. दुकानात गेलं की झालं.

हे जरा जवळून बघू. बार्शीकडच्या एखाद्या गावातलं चार माणसांचं घर धरा. बाईला १५०० मिळतात, नवऱ्याकडे जुनी मोटरसायकल, घरात एक स्मार्टफोन. महिन्याचा बाजार असा मांडू. भाव ढोबळ आणि २०२५ चे आहेत.

२९९ रुपयांचं मोबाइल रिचार्ज : जीएसटी १८ टक्के, त्यातले साडेपंचेचाळीस रुपये कर. गोडं तेल साडेचारशेचं : ५ टक्क्यांनी एकवीस. साखर आणि चहापत्ती मिळून सव्वाचारशेची : वीस. कपडे धुण्याची पावडर शंभराची : १८ टक्क्यांनी पंधरा. गॅस सिलिंडर साडेआठशेचं : ५ टक्क्यांनी चाळीस. राहिलं पेट्रोल. त्यावर केंद्राचं उत्पादन शुल्क एप्रिल २०२५ मध्ये लिटरला २१ रुपये ९० पैसे झालं, वर राज्याचा व्हॅट आणि अधिभार. दोन्ही मिळून लिटरमागे चाळीसच्या वर जात होते. महिन्याला पाच लिटर धरलं तरी दोनशेच्या पुढे. बेरीज करा : साडेतीनशेच्या आसपास. दुकानदाराच्या मालाची वाहतूक करणाऱ्या टेम्पोने डिझेलवर भरलेला कर भावात मिसळलेला असतो, तो यात धरलेला नाही.

म्हणजे सरकारने एका हाताने दिलेल्या दीड हजारातले साडेतीनशे महिना संपायच्या आत परत गेले. तेही योजना यायच्या आधीपासून जात होते. फरक एवढाच की तिला नोकरदारासारखा कर कापल्याचा फॉर्म सोळा मिळत नाही, त्यामुळे ‘माझ्या टॅक्सच्या पैशावर’ असं ती कधी म्हणत नाही.

२२ सप्टेंबर २०२५ पासून अंगाचा साबण, टूथपेस्ट, केसांचं तेल, बिस्किटं यांच्यावरचा जीएसटी ५ टक्क्यांवर आला. बातम्यांत तो ‘दिवाळी भेट’ म्हणून आला. म्हणजे त्याआधी ही बाई दात घासायच्या पेस्टवर १८ टक्के मोजत होती, आणि तोच दर मलबार हिलला राहणाऱ्यालाही होता. अप्रत्यक्ष कराची खोड हीच : माणूस बघत नाही, वस्तू बघतो. महिना पन्नास हजार कमावणारा त्यातले वीस-पंचवीस वाचवतो आणि वाचलेल्या पैशावर जीएसटी लागत नाही. आठ हजारांत घर चालवणाऱ्याचे आठही हजार बाजारात जातात.

शेतकऱ्याचं आणखी एक आहे. व्यापारी आपल्या खरेदीवर भरलेला जीएसटी पुढे वजा करून घेतो. शेतमालावर करच नसल्यामुळे शेतकऱ्याला ती वजावट नाही. पाइप, मोटर, फवारणीचा पंप यांच्यावर भरलेला कर त्याच्याच अंगावर राहतो. ‘शेतकरी एक रुपया टॅक्स भरत नाही’ म्हणणाऱ्याने एकदा कृषी सेवा केंद्राचं पक्कं बिल वाचावं.

एवढं सगळं मान्य केलं तरी पगारदाराची तक्रार खोटी ठरत नाही. त्याचा आयकर पगार हातात यायच्या आधीच कापला जातो आणि उरलेल्यावर तो वर सांगितलेले सगळे जीएसटी पुन्हा भरतो. त्याच्याच गल्लीतला जोरात चालणारा धंदा निम्मी विक्री कच्च्या चिठ्ठीवर करतो आणि नाममात्र कर भरून सुटतो, हे त्याला रोज दिसतं. मलाही दिसतं, मार्च महिन्यात ‘साहेब, उत्पन्न जरा बसवून द्या’ म्हणत येणारी माणसं बहुतेक गरीब नसतात. शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे, ते कोरडवाहू तीन एकरवाल्यालाही आणि द्राक्षं निर्यात करणाऱ्या शंभर एकरवाल्यालाही. दुसऱ्याला आपलं उत्पन्न ‘शेतीचं’ म्हणून दाखवता आलं तर तोही दाखवतो. शिवाय पगारदाराला कराच्या बदल्यात काय मिळतं? मुलं खासगी शाळेत, आजारपण खासगी दवाखान्यात, पाण्याला टँकर. सरकारी सेवेशी त्याचा संबंध रस्त्यापुरता आणि त्या रस्त्यात खड्डे. त्याचा राग खरा आहे. फक्त तो खाली बघून काढला जातो, कारण खालचा माणूस रांगेत उभा असलेला दिसतो.

वर बघितलं तर काय दिसतं? २० सप्टेंबर २०१९ ला अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी पणजीत पत्रकार परिषद घेऊन कंपन्यांचा मूळ कर ३० वरून २२ टक्क्यांवर आणला. सरकारचाच अंदाज होता की त्यामुळे वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींचं उत्पन्न सुटेल. शेअर बाजाराने उडी मारली. ‘आमच्या टॅक्सच्या पैशावर कंपन्या’ असं त्या दिवशी कुणी म्हटलं नाही. गुंतवणूक वाढेल, रोजगार येईल हे त्यामागचं कारण होतं. ते बरोबर असेल किंवा नसेल, पण मदत ती होतीच.

आणि मधे? २०२५-२६ पासून नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर आयकर शून्य झाला. पगारदाराला प्रमाणित वजावट धरून पावणेतेरा लाख. त्यापोटी सरकारने सोडलेली रक्कम सुमारे १ लाख कोटी. माझ्या कितीतरी पक्षकारांचे त्यामुळे वर्षाचे साठ-सत्तर हजार वाचले. म्हणजे महिन्याला पाच-सहा हजार. त्यांना कुणी रांगेत उभं केलं नाही, ई-केवायसी मागितली नाही, घरात चारचाकी आहे का हे विचारलं नाही. वाटलेला पैसा आणि न घेतलेला पैसा, तिजोरीच्या दृष्टीने दोन्हींचा परिणाम एकच. खर्चाच्या वहीत लाडकी बहीण ठळक दिसते, सोडून दिलेला कर परिशिष्टात असतो.

इथे बँकांच्या बुडीत कर्जाचा उल्लेख हमखास येतो, म्हणून दोन वाक्यांत : ‘राइट ऑफ’ म्हणजे माफी नव्हे. कर्ज बँकेच्या ताळेबंदातून काढतात, वसुलीचा हक्क राहतो. प्रत्यक्षात वसुली थोडीच होते हे खरं, पण शेतकऱ्याची कर्जमाफी आणि उद्योगपतीचं राइट ऑफ ही एकच गोष्ट असल्याच्या पोस्ट दिशाभूल करतात.

आता गरीब कुणाला म्हणायचं, हा दुसरा चिघळलेला प्रश्न. या विषयात महाराष्ट्राचं नातं जुनं आहे. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतले वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये देशातल्या दारिद्र्याचं मोजमाप मांडलं, त्यावर पुढची कित्येक वर्षं चर्चा झाली. नंतर सुरेश तेंडुलकर समितीची रेषा आली. तिच्या हिशेबाने २०११-१२ मध्ये खेड्यात महिना ८१६ आणि शहरात १००० रुपयांपेक्षा कमी खर्च करणारा गरीब. दिवसाला खेड्यात सत्तावीस रुपये, शहरात तेहतीस. त्या सुमाराला ‘बत्तीस रुपयांत जगून दाखवा’ म्हणून देशभर गदारोळ झाला. रंगराजन समितीने रेषा ९७२ आणि १४०७ वर नेली आणि गरिबांचं प्रमाण सुमारे २२ टक्क्यांवरून साडेएकोणतीस झालं. माणसं तीच, खिसे तेच, फक्त रेष वर सरकली. त्यामुळे ‘देशात गरिबी उरली नाही’ किंवा ‘गरिबी वाढली’ असं कुणी म्हटलं, तर आधी विचारायचं : कोणत्या रेषेने?

पण तहसील कचेरीतल्या टेबलावर यातली एकही रेषा चालत नाही. तिथे चालतो उत्पन्नाचा दाखला, आणि प्रत्येक योजनेचा आकडा वेगळा. रेशनच्या प्राधान्य कुटुंबासाठी वार्षिक मर्यादा खेड्यात ४४ हजार, शहरात ५९ हजार. संजय गांधी निराधार योजनेसाठी २१ हजार. लाडक्या बहिणीसाठी अडीच लाख. आयकराच्या लेखी बारा लाखांपर्यंत तुम्ही काहीच देणं लागत नाही. २१ हजार म्हणजे महिना १७५० रुपये. आज शेतमजुरीला जाणाऱ्या बाईची आठ दिवसांची कमाई त्याच्या आसपास जाते. मग विधवा बाई काय करते? खरं उत्पन्न सांगितलं तर अपात्र, म्हणून वीस हजारांचा दाखला काढते. सगळ्यांना माहीत असतं, दाखला देणाऱ्यालाही. नियमच असा की पात्र माणसाला खोटं बोलल्याशिवाय आत येता येऊ नये, आणि मग ‘गरीब लोक खोटी कागदपत्रं देतात’ म्हणायला आपण मोकळे.

छाननीत दोन प्रकारच्या चुका होतात. नको तो आत येतो किंवा हवा तो बाहेर राहतो. पहिलीची बातमी होते. जुलै २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेतल्या २६ लाख ३४ हजार संशयित अपात्र लाभार्थ्यांचे हप्ते थांबवल्याचं सरकारने सांगितलं, त्यात पुरुषही सापडले आणि सरकारी नोकरही. चीड येण्यासारखंच आहे. पण दुसऱ्या चुकीचं काय? ज्या म्हातारीच्या अंगठ्याचे ठसे कष्टाने झिजलेत आणि रेशनच्या मशीनवर उमटत नाहीत, तिची बातमी होत नाही. चाळणी बारीक केली की पहिली चूक कमी होते आणि दुसरी वाढते. दोन्ही एकदम शून्य करणारी चाळणी अजून कुणाला सापडलेली नाही, त्यामुळे कोणती चूक जास्त सोसायची हे ठरवावं लागतं. मला विचाराल तर दहा नको ते आत आले तरी चालतील, ती म्हातारी बाहेर राहू नये. हा हिशेबाचा नाही, मताचा भाग झाला.

मग लाडकी बहीण योग्य की अयोग्य? बाईच्या स्वतःच्या खात्यात, नवऱ्याच्या हातात न जाता येणाऱ्या दीड हजाराचं मोल मी कमी लेखणार नाही. शिलाई मशीनचा हप्ता, मुलीची क्लासची फी, औषध, अशा गोष्टी त्यातून झाल्यात. माझी हरकत तिच्या मागच्या पैशाबद्दल आहे. सुरुवातीला वर्षाचा अंदाज होता ४६ हजार कोटी; २०२५-२६ ला तरतूद ३६ हजार कोटी झाली. त्याच अर्थसंकल्पात राज्याची महसुली जमा ५ लाख ६० हजार कोटींच्या आसपास आणि महसुली तूट जवळपास ४६ हजार कोटी होती. म्हणजे रोजचा खर्चच जमेपेक्षा जास्त. त्यातही जमेतले निम्म्याहून जास्त पैसे पगार, पेन्शन आणि व्याजात आधीच बांधलेले. मार्च २०२३ मध्ये ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत राज्याचे कर्मचारी संपावर गेले, तेव्हा याच उरलेल्या पैशावर आणखी एक हक्क सांगितला जात होता.

अशा स्थितीत राज्यापुढे तीनच वाटा राहतात. नवा कर लावायचा, कर्ज काढायचं किंवा दुसऱ्या कशातून तरी काढून घ्यायचं. नोटा छापणं राज्याच्या हातात नाही. नवा कर लावला तर तो कुणावर हे सांगावं लागतं. निवडणुकीच्या तोंडावर ते कुणी सांगत नाही. कर्ज काढलं तर ते फेडणारा अजून शाळेत आहे, त्याला मत नाही. राज्याचं कर्ज २०२५-२६ अखेर सव्वानऊ लाख कोटींच्या पुढे जाईल असा अंदाज होता. तिसऱ्या वाटेचं उदाहरण २०२५ मध्ये समोर आलं : सामाजिक न्याय आणि आदिवासी विकास या खात्यांचा निधी लाडक्या बहिणीकडे वळवला म्हणून खुद्द सामाजिक न्याय मंत्री संजय शिरसाट यांनीच उघड नाराजी व्यक्त केली. म्हणजे आश्रमशाळेतल्या पोराच्या नावचा पैसा त्याच पोराच्या आईच्या खात्यात जाऊ शकतो आणि दोन्हीकडे ‘मदत’ म्हणून मोजला जाऊ शकतो.

हाच ‘भरतो कोण, खातो कोण’ वाद राज्याराज्यांत चालतो, तो थोडक्यात. देशाच्या प्रत्यक्ष करात महाराष्ट्राचा वाटा सगळ्यात मोठा, पण पंधराव्या वित्त आयोगाप्रमाणे २०२१ ते २६ या काळात राज्यांना वाटल्या गेलेल्या केंद्राच्या करातले महाराष्ट्राला सव्वासहा टक्क्यांच्या जरा वर आणि उत्तर प्रदेशला जवळपास अठरा. राग येण्यासारखं आहे. मात्र कंपनीचं मुख्यालय मुंबईत असलं की तिचा कर मुंबईत भरला गेल्याची नोंद होते, साबण भले पाटण्यात विकलेला असो. आणि हाच हिशेब आणखी एक पायरी खाली आणला, तर मुंबई-पुणे-ठाण्याचा माणूस ‘मराठवाडा-विदर्भ आमच्या पैशावर’ म्हणायला लागेल. उत्तर प्रदेशवर चिडणाऱ्या आमच्या मराठवाड्याने ही पायरी ध्यानात ठेवलेली बरी.

रोजगार हमी आणि लाडकी बहीण यांची तुलना करताना ‘तिथे काम करून पैसे मिळायचे, इथे फुकट’ असं म्हटलं जातं. बाई घरात राबते ते काम नाही का, हा त्यावरचा प्रतिप्रश्नही रास्त आहे. मला दोन्हींतला खरा फरक कागदाचा वाटतो. रोजगार हमी कायद्याने आली. ती बदलायची तर विधिमंडळात जावं लागे आणि काम नाकारलेला मजूर निदान दाद मागू शकत होता. लाडकी बहीण शासन निर्णयाने आली. शासन निर्णय दुसऱ्या शासन निर्णयाने बदलतो. निवडणुकीत दीड हजाराचे एकवीसशे करायचं आश्वासन दिलं गेलं. दुसरीकडे, ‘पीएम किसान’ आणि ‘नमो शेतकरी’ या शेतकरी मदतीच्या योजनांचे मिळून महिना हजार घेणाऱ्या बाईला फरकाचे पाचशेच देणं सुरू झालं, सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी आली, आणि यातल्या कशावरही तिला कुठे अपील करता येत नाही. वृद्धापकाळ पेन्शनमधला केंद्राचा वाटा ६० ते ७९ वयाच्या माणसासाठी वर्षानुवर्षं दोनशे रुपयांवर थांबलाय. महागाईबरोबर तो वाढलाच पाहिजे असं कुठे लिहिलेलं नाही, आणि सरकारी नोकराच्या महागाई भत्त्याचं मात्र वर्षातून दोनदा ठरतं.

मार्चमध्ये राज्याचा अर्थसंकल्प येतो तेव्हा टीव्हीवर ‘कुणाला काय मिळालं’ याची पट्टी फिरते. त्याच दिवशी वित्त विभागाच्या संकेतस्थळावर अर्थसंकल्पाची पुस्तिकाही येते, मराठीत. तिच्यात जमेचं पान असतं. मुद्रांक शुल्क किती, व्हॅट किती, दारूचं किती, कर्ज किती. आणि व्यवसाय कराची वेगळी ओळही असते.